हलके, वाकणारे रनिंग शूज: सरावाला आणि स्पर्धेला एकच जोड चालेल का? (आपल्याकडचे चढ, वाळू आणि पाऊस धरून सांगा)

कातळफूल (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. शूजवर इथे आधीही धागे येऊन गेलेत, पण ते सगळे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांचे. माझा प्रश्न आपल्याकडचा आहे.

माझं धावणं असं: आठवड्यात मधले दिवस थिबा पॅलेसच्या बाजूचे रस्ते, ओहोटी जुळली तर भाट्याची पुळण (किनाऱ्याची वाळू), आणि रविवारी भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याने वर चढायचं आणि परत. घरातून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आहे. पावसाळ्यात तिचं काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन धरली आहे, दोन तासांच्या आत यायचंय.

आत्ताचे शूज जाड सोलचे, एकेक बूट २९० ग्रॅमचा, टाच आणि चवड्याच्या उंचीत १० मिमी फरक. सपाटीला तक्रार नाही. चढाला मात्र पाय वाकतो, बूट वाकत नाही, आणि दर पावलाला टाच बुटातून सुटते. मध्यंतरी मैत्रिणीचे हलके शूज घालून मैदानावर थोड्या फेऱ्या मारल्या, तेव्हापासून डोक्यात घोळतंय की असाच एक जोड घ्यावा, त्यातच सराव आणि त्यातच स्पर्धा. बजेट आठ हजार, फार तर नऊ.

ब्रँडची यादी नको, ती ढिगाने मिळते. काय बघून घ्यायचं ते सांगा. इथल्या दुकानांत मिळतात ते कॉलेजला घालायचे स्पोर्ट्स शूज. म्हणजे एकतर कोल्हापूर गाठायचं, नाहीतर ऑनलाइन.

बांगडो (मालवण)

रेवेर धावतलंस तर बूट कित्याक व्हये? काढ आणि धाव. आठ हजारात सुरमई किती येतली ता बघ आधी.

(गंभीर लोक येतीलच. मी पयलो नंबर लावून ठेवलंय.)

सड्यावरचा (गुहागर)

कातळफूलताई, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, त्या आधी सुट्या करू. हलका बूट वेगळा आणि वाकणारा बूट वेगळा. दुकानदार दोन्ही एका दमात सांगतो म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. आजचे सगळ्यात महागडे स्पर्धेचे बूट दोनशे ग्रॅमच्या आसपास असतात, काही तर त्याहून बरेच कमी, पण हातात धरून वाकवायला जा, मनगट दुखेल. आत कार्बनची पट्टी असते. तुम्हाला चढावर होतोय तो त्रास वजनाचा नाहीच, तो न वाकण्याचा आहे. उद्या २९० चे २२० केलेत आणि नवा बूटही पुढून ताठ निघाला, तर टाच सुटायची ती सुटणारच.

वजनाचा हिशेब सांगून ठेवतो, कारण लोक त्यापायी फार पैसे घालवतात. एका बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावताना लागणारा प्राणवायू साधारण १ टक्क्याने वाढतो. हे १९८० च्या दशकापासून प्रयोगशाळेत मोजलं गेलंय आणि नंतरही तसंच निघालंय. वेळेत पडणारा फरक त्याहून थोडा कमी. म्हणजे तुमच्या दोन तासांत १०० ग्रॅम जास्त असतील तर जेमतेम मिनिटभर जाणार, आणि साठ-सत्तर ग्रॅम वाचवलेत तर अर्ध्या-पाऊण मिनिटाची कमाई. ऑक्टोबरात आपल्याकडे सहाऐवजी साडेसातला घराबाहेर पडलात तर त्याच्या कितीतरी पट घामात जातं. हलका बूट घ्या, जरूर घ्या, पायाला बरं वाटतं. पण शंभर ग्रॅमसाठी पाच हजार जास्त मोजायची गरज नाही.

आता वाकणं. सोल जेवढा जाड तेवढा तो ताठ, आणि हे सरळ प्रमाणात नसतं. एकाच मालाची पट्टी दुप्पट जाड केली की वाकवायला जवळपास आठपट जोर लागतो. म्हणून जाड सोलवाल्या कंपन्या बुटाचं नाक वर वळवतात, तो बूट वाकत नाही, पुढे कलंडतो. सपाटीला ते छान चालतं. पावसच्या चढाला आपण चवड्यावर येतो आणि तिथे कलंडण्याचा उपयोग कमी होतो, मग टाच सुटते. तुमच्या बुटात खोट नाही, त्याची जागा वेगळी आहे.

दुकानात गेलात की एका हातात टाच, एका हातात नाक धरून दाबा. घडी पडली पाहिजे ती चवड्याच्या रेषेत, अंगठ्याचा सांधा येतो तिथे. पायाच्या कमानीखाली, मधोमध घडी पडत असेल तर बूट कितीही मऊ लागो, परत ठेवा. मग ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. थोडा पीळ बसावा, पूर्ण बसू नये. मग आतला सुटा तळवा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभ्या राहा. करंगळी कडेबाहेर येत असेल तर पुढचं काही बघूच नका. आपले पाय लहानपणी अनवाणी आणि मोठेपणी चपलेत वाढलेले, चवडा पसरट असतो. नंबर बरोबर असूनही बूट चावतो तो इथे.

कातळफूल

आत्ताच घरातल्या बुटाला करून बघितलं. वाकतो तो नाकाशी, अगदी शेवटच्या दोन इंचांत. चवड्याशी ढिम्म. आणि तळव्यावर करंगळी अर्धी बाहेर! धन्यवाद दादा, इतके महिने मी मोज्यांना दोष देत होते.

अनवाणी (दापोली)

बांगडोशी सहमत, फक्त चेष्टेत नाही. पायाला बूट लागतो ही सवय आहे, गरज नाही. अबेबे बिकिला १९६० साली रोमला ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला, २ तास १५ मिनिटांत. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा अभ्यास आला, त्यात नेहमी अनवाणी धावणारे लोक बहुतेक चवड्यावर किंवा पाय सपाट टेकवून उतरतात आणि टाचेवर आदळताना बसतो तो पहिला झटका त्यांना बसतच नाही असं दिसलं. मी कर्द्याच्या किनाऱ्यावर अनवाणी आणि रस्त्यावर शून्य ड्रॉपच्या पातळ बुटात धावतो. ड्रॉप म्हणजे टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक, नवख्यांसाठी सांगितलं. टाच वर उचलून दिलेली असली की शरीर टाचेवरच आदळायला शिकतं. ताई, शून्य ड्रॉपचा, पातळ, गुंडाळून खिशात मावेल असा बूट घ्या आणि मोकळ्या व्हा.

सांधेदुरुस्ती (चिपळूण)

हा धागा माझ्या दवाखान्याला गिऱ्हाइकं देणार असं दिसतंय, म्हणून लिहितेच. फिजिओथेरपिस्ट आहे.

अनवाणी, बिकिलाची गोष्ट अर्धी सांगितलीत. पुढच्या ऑलिम्पिकला, १९६४ ला टोकियोत, तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि २ तास १२ मिनिटांत आला. त्याचा अर्थ बुटामुळे तीन मिनिटं वाचली असा नाही, पण एका शर्यतीवरून काहीच सिद्ध होत नाही एवढं नक्की.

टाच खाली आणली की भार नाहीसा होत नाही, सरकतो. गुडघ्यावरचा थोडा कमी होतो आणि पोटरीवर, टाचेमागच्या शिरेवर वाढतो. सोल पातळ केला की चवड्याच्या लांब हाडांवर येतो. ज्यांना गुडघा त्रास देतो त्यांना कधीकधी कमी ड्रॉपचा फायदा होतो, हे मीही सांगते. पण १० मिमीवरून एकदम शून्यावर, तेही रविवारच्या चढउतारावर? २०१३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. नेहमीच्या बुटात धावणाऱ्यांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटात आणलं आणि आधी-नंतर पायाचं एमआरआय काढलं. पातळ बूटवाल्यांत पायाच्या हाडांना आतून सूज येण्याचं प्रमाण नेहमीच्या बूटवाल्यांपेक्षा बरंच जास्त होतं. त्या बुटांनी पाय मजबूत होतात, दुखापती टळतात, असा प्रचार केल्याबद्दल ते बनवणाऱ्या व्हायब्रमवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला होता, तो २०१४ मध्ये कंपनीने साडेसदतीस लाख डॉलर देऊन मिटवला.

कातळफूल, तुम्हाला वाकणारा बूट हवा, पातळ नव्हे. ४ ते ८ मिमी ड्रॉप, खाली बऱ्यापैकी फोम आणि चवड्याशी वाकणारा, असा मधला माल भरपूर मिळतो. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेखाली कळ येत असेल, किंवा घरात मधुमेह असून तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर मात्र असले प्रयोग आधी कोणाला तरी दाखवून.

अनवाणी

सूज आली म्हणजे हाड मोडलं असं नाही. आणि दहा आठवडे हा वेळच कमी आहे. माझं बस्तान बसायला वर्ष लागलं.

सांधेदुरुस्ती

तेच तर म्हणतेय. तिची स्पर्धा जानेवारीत आहे.

अनवाणी

हं. तो मुद्दा मान्य.

खाकीस्वप्न (लांजा)

मधेच घुसतो, माफी. मी पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. अकादमीतले सर म्हणतात अनवाणीच धाव, बुटाने वेळ वाढतो. अर्धी पोरं अनवाणी, अर्धी दीडशे रुपयांच्या कॅनव्हासमध्ये. माझ्याकडे दोन हजार आहेत. काय करू?

सड्यावरचा

खाकीस्वप्न, तुझा प्रश्न ताईंपेक्षा सोपा आहे. १६०० मीटर म्हणजे पाच-साडेपाच मिनिटांचं काम, त्यात जाड फोमची गरज नाही. तुझ्यासाठी हलका, पातळ, चवड्याशी पूर्ण वाकणारा बूट हाच बरोबर. घट्ट बसला पाहिजे, बोटापुढे अर्धा अंगठा जागा पुरे. दोन हजारांत असा मिळतो. खालचं रबर मात्र बघ, गुळगुळीत नको. २०२४ च्या भरतीची मैदानी चाचणी ऐन जूनमध्ये, पावसात आली होती, मातीच्या मैदानावर. चिखलात अनवाणी आणि कॅनव्हास दोघेही घसरतात.

पण रोजचा सराव त्याच बुटात करू नकोस. सकाळचे पाच-सहा किलोमीटर जुन्या, फोम असलेल्या बुटात, आणि वेगाचं काम असेल त्या दिवशी हा. सर अनवाणी म्हणतात ते मैदानावरच्या सावकाश फेऱ्यांसाठी ऐक, पायाचे लहान स्नायू त्याने सुधारतात. नळपाणी योजनेने खणलेल्या रस्त्यावर ऐकू नकोस.

खाकीस्वप्न

धन्यवाद दादा. जुना बूट म्हणजे भावाचा आहे, एक नंबर मोठा. दोन मोजे घालून चालेल का?

सांधेदुरुस्ती

नाही. पाय आत सरकला की बोटं धरून ठेवायला बघतात आणि नडगी भरून येते. भावाला दे परत.

सुरुबन

मी काही धावत नाही, सत्तरीचा आहे, भाट्याला सकाळी चालतो. पण तुम्ही पुळणीवर धावायचं म्हणता आणि भरतीचं कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्या दिवशी सकाळी तुम्हाला पुळण मिळणारच नाही. मिळेल ती वरची मऊ, उतरती वाळू. पुनव-अवसेला भरती अकरा-साडेअकराला, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी, आणि उधाणाची ओहोटी असल्यामुळे पाणी लांब जातं. सहाला गेलात तरी घट्ट, ओली, सपाट वाळू रुंद पडलेली असते. तिथून तृतीयेपर्यंत सकाळ चांगली. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, घड्याळ लावून बसू नका. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, किनारा खचतो आणि तिरपा होतो. तेव्हा आम्ही सुरूच्या बनातूनच फिरतो.

कातळफूल

काका, हे कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावतेय. मी ॲपवर बघायचे आणि तरी दर वेळी मऊ वाळूत सापडायचे. आता कळलं, माझी सुट्टी नेमकी अष्टमी-नवमीला पडत होती.

सड्यावरचा

काकांना दंडवत. त्याला जोडून दोन गोष्टी.

मऊ वाळूत धावायला घट्ट जमिनीपेक्षा साधारण दीडपट, खरं तर १.६ पट ऊर्जा लागते असं मोजलेलं आहे. त्यामुळे पुळणीवर घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) बघून रडू नका. आणि पुळण समुद्राकडे उतरती असते. जाताना एक पाय खाली, एक वर. एकाच दिशेला लांब धावून रिक्षाने परत आलात तर दुसऱ्या दिवशी कमरेला कळतं. गेलात त्याच रेषेने परत या.

वाळूसाठी वाकणारा बूट चांगला की अनवाणी? घट्ट ओल्या वाळूवर दोन्ही चालतं, सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. फक्त होड्या ओढतात त्या भागात अनवाणी नको, शिंपले, जाळ्याचे तुकडे, गळ, काहीही असतं. जाळीदार बुटात वाळू शिरते ती शिरतेच.

एक्सप्रेसवे (ठाणे, मूळ चिपळूण)

एवढं सगळं वाचलं, पण हाफ मॅरेथॉन दोन तासांत करायचीय आणि कोणीच कार्बन प्लेटचं नाव काढत नाही? २०१७ पासून रस्त्यावरच्या शर्यतींचे बहुतेक जागतिक रेकॉर्ड त्याच बुटांत झालेत. २०२३ मध्ये बर्लिनला तिगस्त अस्सेफा २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत आली, तो आदिदासचा बूट होता १३८ ग्रॅमचा. शिकागोला केल्विन किप्टम २:००:३५. वाकणारे बूट आता संग्रहालयात. शर्यतीला सुपरशूज, सरावाला काहीही. मी स्वतः घेतलेत, ट्रेनिंग तेच आणि वेळ चार मिनिटांनी उतरली.

सड्यावरचा

नाव काढलं होतं की, पहिल्याच प्रतिसादात. तुम्ही म्हणता ते खोटं नाही. सुपरशूजचा फायदा होतो, पण तो निव्वळ पट्टीचा नाही, पट्टीला नव्या फोमची साथ आहे. तो फोम दाबला गेल्यावर नेहमीच्या बुटातल्या साध्या ईव्हीए फोमपेक्षा जास्त ऊर्जा परत देतो आणि वजनालाही हलका, म्हणून जाड करता येतो. इतका जाड करायला लागले की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला २०२० मध्ये नियम करावा लागला: रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिमीपेक्षा जाड नको आणि पट्टी एकापेक्षा जास्त नको.

पण ताईंच्या बाबतीत तीन अडचणी. नावाजलेला जोड वीस हजारांच्या घरात जातो. तो बूट जाड आणि वर मऊ, वळणावर घोट्याला डगमगतो, आणि आरे-वारेच्या वळणांवर किंवा रस्त्याची कड तुटलेली असते तिथे ते भोवतं. आणि रोज तोच घालायचा म्हटलं तर फोम लवकर बसतो. मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यावर, एका दिवसासाठी, खिशात पैसे असतील तर घाला की. त्यांनी विचारलंय ते सराव आणि स्पर्धा दोन्हींना एकच जोड.

एक्सप्रेसवे

एकच जोड ही कल्पनाच चुकीची आहे मग. त्यावर तर आपण एकमत होऊ?

सड्यावरचा

बरंचसं. एकच नवा जोड, जुना टाकायचा नाही. असं मी म्हणेन.

बांगडो

चार मिनिटां बुटान उतारली काय वजन उतारला म्हणान उतारली, ता सांगूक नाय एक्सप्रेसवेन.

एक्सप्रेसवे

वजनही उतरलं. तीन किलो. बस?

कातळफूल

भांडू नका हो. ऑनलाइनबद्दल कोणी सांगेल का? मागच्या वर्षी एका साइटवरून मागवले, लहान निघाले, परत न्यायला माणूस येणार येणार म्हणत महिना गेला. आमच्या पिनकोडला परतीची सोय नाही हे पैसे घेताना सांगितलं नव्हतं.

सांधेदुरुस्ती

पहिला जोड ऑनलाइन नकोच. कोल्हापूरला जा, आणि दुपारनंतर जा. दिवसभरात पाय फुगतो, धावतानाही फुगतो. धावायचे मोजे बरोबर न्या. दोन्ही पायांत घाला, मोठा असेल त्या पायाचा नंबर धरा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. बऱ्याच जणांचं लांब बोट अंगठा नसून त्याच्या शेजारचं असतं, तेही बघा. आणि दुकानाच्या गालिच्यावर चालू नका, बाहेर फरशीवर थोडं धावून बघा. देत नाहीत म्हणाले तर दुसरं दुकान.

त्याच मॉडेलचा पुढचा जोड मग खुशाल ऑनलाइन. फक्त मॉडेलच्या नावापुढचा आकडा बदलला की बूट बदलतो हे लक्षात ठेवा, कधीकधी ड्रॉपसुद्धा.

सड्यावरचा

कोल्हापूरला तुलना करायला दोन टोकं माहीत असू देत. नायकीचा पेगसस १९८३ पासून चालत आलाय, १० मिमीचा रोजचा बूट, तुमच्या सध्याच्या बुटाच्या कुळातला. सॉकनीचा किनवारा २०१० मध्ये आला, ४ मिमी ड्रॉप, हलका, वाकणारा, पण खाली फोम राखून. पातळ बुटांची लाट ओसरली तरी तो टिकला, तो या मधल्या मार्गामुळे. तोच घ्या म्हणत नाही, दुकानात असेलच असंही नाही. त्याच्यासारखं काय आहे ते विचारा. दुकानदाराला हे नाव कळलं तर दुकान बरं आहे असं समजा.

अनवाणी

आणि शून्य ड्रॉप पण रुंद नाकाचे आणि फोमवाले हवे असतील तर अल्ट्रा कंपनीचे. पुढच्या हिवाळ्यासाठी, ताई. या नव्हे.

खाकीस्वप्न

दादा, बूट घेतला. सतराशेला. वाकतो. पण नवीन बुटाचा सोल एका पावसात सुटायला लागला. फेविक्विक लावू का?

सड्यावरचा

फेविक्विक सुकल्यावर कडक होतो आणि वाकण्याच्या जागीच तडकतो. चांभाराकडे दे, त्यांचा लवचीक सोल्यूशन असतो. आधी पूर्ण वाळव.

वाळवण्याबद्दल सगळ्यांनाच सांगतो, कोकणात अर्धे बूट धावून मरत नाहीत, ओलीने मरतात. आल्याबरोबर नाडी सैल करा, आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीशेजारी, गाडीच्या काचेखाली, कडक उन्हात ठेवू नका. ईव्हीए फोम तापला की आकसतो, नंतर बूट घट्ट का झाला म्हणून आपण पाय बघत बसतो. पुळणीवरून आल्यावर गोड्या पाण्याने खारं धुवा. आणि जुने बूट "स्पर्धेला ठेवलेत" म्हणून पिशवीत बांधून कपाटावर टाकू नका. ज्यांचा सोल पॉलीयुरेथेनचा असतो तो दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. बाहेरून नवा दिसतो आणि धावताना मातीसारखा झडतो. ईव्हीएला ते होत नाही, बुरशी मात्र दोघांनाही.

सुरुबन

पाखाडीचं राहिलं. शेवाळलेल्या जांभ्यावर कुठलंही रबर धरत नाही, चालताना आम्ही गडग्याला हात लावून उतरतो. धावायचं असेल तर चपला घालून पाखाडी उतरा आणि रस्त्यावर बूट घाला. नाहीतर चुन्याची भुकटी टाका, शेवाळ चार दिवस थांबतं.

कातळफूल

मंडळी, जाऊन आले कोल्हापूरला. रविवारी दुपारी गेले, मोजे नेले, सगळ्यांसमोर बूट पिळले. दुकानातला मुलगा आधी हसला, मग दुसऱ्या गिऱ्हाइकालाही तसंच करून दाखवायला लागला. पाच-सहा घालून बघितले. दोन अगदी मऊ होते, पण घडी कमानीखाली. एक आवडला होता, १९० ग्रॅम, त्यावर करंगळी बाहेर. शेवटी घेतला तो २२५ ग्रॅम, ६ मिमी ड्रॉप, चवड्याशी वाकतो, टाचेमागे वाटी आहे पण कडक नाही, खाली रबर पूर्ण नाही, घासतं तिथेच आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच जाईल. गेल्या वर्षीचा रंग म्हणून साडेसहा हजारांत मिळाला.

काल भाट्याच्या पुलापलीकडे थोडं चढून बघितलं, टाच सुटली नाही. पोटरी मात्र आज जिना उतरताना बोलतेय. आता विचारायचं ते हे: जुना जोड कधी, नवा कधी, आणि स्पर्धेला नवा घालायचा तर त्याआधी किती चालवायचा?

सांधेदुरुस्ती

पोटरी बोलली म्हणजे काम झालं तिथे, घाबरू नका. दोन दिवसांत गप्प बसली पाहिजे. टाचेमागची शीर सकाळी आखडत असेल किंवा चवड्यावर बोटाने दाबून एका ठिपक्यात दुखत असेल, तर थांबायचं आणि मला किंवा जवळच्या कोणाला दाखवायचं.

पहिले दोन-तीन आठवडे नवा फक्त आठवड्यातल्या एका छोट्या दिवशी. मग दोन. रविवारचा लांब रन अजून जुन्यात.

सड्यावरचा

नंतर वेगाचे दिवस नव्यात टाका, टेम्पो (एकसारख्या जोराच्या वेगाने धावणं) आणि चढ. उतार जुन्यात उतरणं जमत नाही हे खरं, एकाच रनमध्ये बूट बदलत नाही कोणी, म्हणून चढाच्या दिवशी उतार चालत उतरा, तुम्हाला गुडघेही हवेत. डिसेंबरात लांब रनपैकी एक-दोन नव्यात, त्यातला एक १६ ते १८ किलोमीटरचा, स्पर्धेच्या पेसला जवळ जाणारा. स्पर्धेपर्यंत त्या बुटात शंभरेक किलोमीटर झालेले असावेत, दीडशे झाले तरी हरकत नाही. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर फोम टिकतो, हलक्या बुटाचा खालच्या आकड्याकडे धरा. जुना त्याआधीच बसला असेल तर त्याच प्रकारचा दुसरा घ्या. बसलेला फोम डोळ्याला दिसत नाही, पण धावून आल्यावर नडग्या आणि गुडघे कुरकुरायला लागतात.

मुंबईला पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात आहे, दमलेल्या पायांनी. डिसेंबरातला लांब रन पावसच्या चढावर संपेल असा आखा.

कातळफूल

म्हणजे भाट्याहून आधी सपाटीला फिरून मग चढ. बरं. मोजे कोणते ते नंतर विचारते, आधी हे आठवडे जाऊ देत.

खाकीस्वप्न

चांभाराने तीस रुपये घेतले. धरलाय. काल १६०० मारले, सर काही बोलले नाहीत.